लिओनाचा झरा

नकाशेवाल्या प्रुइटने तिपाईवर नकाशा काढायची फळी बसवली आणि जंगलाच्या कडेला असलेल्या झऱ्याकडे बोट दाखवत इडेलाला विचारलं, "बाई, याला काय म्हणता तुम्ही?"

"लिओनाचा झरा," इडेला म्हणाली.

लिओना म्हणजे इडेलाच्या नवऱ्याची, ऑरिनची, पहिली बायको. ती गेल्यावर इडेला या रँचवर आली आणि उणीपुरी वीस वर्षं त्याच झऱ्यावर गुरांना पाणी पाजत होती. मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? पण आता ते नाव सरकारी नकाशावर छापलं जाणार होतं, कायमचं. 

प्रुइट डोकं खाजवायला लागला. "पंचाईत आहे. तुमचे यजमान सकाळी म्हणाले, इडेलाचा झरा."

इडेलाचा विश्वास बसेना. ऑरिनने आजवर तिच्या स्वयंपाकालाही कधी धड चांगलं म्हटलं नव्हतं.

"त्याला ऊन लागलं असेल."

"असेल. पण लोकांच्या तोंडी असेल तेच नाव मी लिहितो. तुमच्यात एकमत नाही, म्हणजे शेजारी विचारायला हवं."

शेजारी म्हणजे लिओनाची सख्खी बहीण झेल्मा. ती कशाला इडेलाचं नाव सांगेल?

रात्री प्रुइट त्यांच्याकडेच जेवायला होता. जेवणं झाल्यावर ऑरिनने फोन लावला. सगळ्या खोऱ्याची तार एकच; घंटी कुणाचीही वाजो, रिसीव्हर सगळेच उचलत.

"झेल्मा, तुझं तळं आटलंय ना? उद्या वासरं इडेलाच्या झऱ्यावर आण."

"कुठल्या झऱ्यावर?"

"ऐकलंस की."

तारेवर सगळं खोरं ऐकत होतं. इडेला भांडी टाकून ओल्या हातांनी फोनजवळ आली.

"तो नकाशेवाला तिथेच आहे ना? दे त्याला," झेल्मा म्हणाली. ऑरिनने रिसीव्हर प्रुइटला दिला, पण तिचा आवाज घरभर ऐकू येत होता. "लिहून घे रे बाबा. माझ्या बहिणीच्या थडग्याला कुंपण आहे. दर वसंतात कुणीतरी ते नीट करतं, गुरं आत शिरू नयेत म्हणून. ऑरिन करत नाही, त्याला मी ओळखते. झरा इडेलाचाच. खोऱ्यात कुणाचं काही म्हणणं असेल तर आत्ताच बोला."

कुणीही बोललं नाही.

इडेलाने रिसीव्हर घेतला. सांगायचं खूप होतं.

"झेल्मा," ती म्हणाली, "वासरं सकाळीच आण. दुपारी फार तापतं. आणि जेवायला थांब."