शिरगावची लाल अल्फा

माझ्या घोवाला, कृष्णनाथाला, लाल आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही. लग्नाआधी हे कुणी सांगितलं नाही, पण तेवढ्यावरून लग्न मोडायचं तरी कसं? लोहखनिजाच्या खाणीचे ट्रक दुरुस्त करणाऱ्याला रंग कशाला कळायला हवा? पुढे खाण थांबली, ट्रक गेले आणि आमच्या शेडात ही गाडी आली.

अल्फा रोमिओ. इटलीची, दोनच माणसं बसणारी, पोर्तुगीज काळात बोटीतून मुरगावला उतरलेली. डिचोलीच्या चंद्रावतीबाईंच्या सासऱ्यांनी हौसेनं आणली आणि ते गेल्यावर शिरगावच्या गोदामात चाळीस वर्षं पडून राहिली. गोदामाला दार नाही आणि समोर खाणीचा रस्ता. बाई म्हणाल्या, "घेऊन जा बाबा, माझी जागा तरी मोकळी होईल." मग पाच वर्षं आमचा माणूस त्या गाडीत डोकं घालून बसला. जो भाग मिळाला नाही तो लेथवर स्वतः घडवला. मी भांडले, अबोला धरला. काही म्हणता काही उपयोग झाला नाही, तेव्हा मीच पदर खोचून पत्रा घासायला बसले.

रंग मी निवडला. डिकीचं झाकण रिक्षात घालून म्हापशाला नेलं आणि त्याच्याशी जुळणारा लाल बनवून घेतला. घासताना लालाखाली पांढरा निघाला होता. तो आम्ही दोघांनी अस्तर समजून घासून टाकला.

गाडी विकली गेली नाही तर कृष्णनाथ कतारला जाणार होता. ट्रेलर दुरुस्तीची नोकरी, दोन वर्षांचा करार. एजंटाला सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. मी तोंडानं म्हणत होते, "जा की, माझं काय अडलंय!" आणि त्यानं जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

शनिवारी पुण्याहून श्रीनाथराव आले. जुन्या गाड्या जमवणारा शौकीन माणूस. इंजिन चालू करून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. मग टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरले ते बाहेर येईचनात. आले तेव्हा चेहरा बदललेला.

"ही गाडी पांढरी होती," ते म्हणाले. "आत धूळ पोचली नाही तिथं कंपनीचा रंग शाबूत आहे. अस्तराला अशी चमक नसते. जुन्या मालकानं लाल केली वाटतं?"

कृष्णनाथानं माझ्याकडे बघितलं. नुसती मान हलवायची होती. होय म्हणा हो, मी मनात म्हणत होते, देवी लईराईची आण, होय म्हणा!

तेवढ्यात श्रीनाथराव पुटपुटले, "कोण गाढव असेल, असल्या गाडीला लाल फासणारा!"

"मी!" माझ्या तोंडून गेलंच. "मी ते गाढव! आणि शिरगावात राहून बघा तुम्ही. इथं खाण चालू होती तेव्हा पांढरं काय उरलं होतं? माझी पांढरी कोंबडी लाल, वाळत घातलेली धोतरं लाल, केळीची पानं लाल. चाळीस वर्षं ती धूळ खाल्लेली गाडी लाल नाही तर काय हिरवी दिसणार? ह्यांना रंग कळत नाही, मला कळतो, आणि मला ती लालच दिसली. काय बोलायचं ते मला बोला!"

बोलून बसले. विनोदिनी, घातलास घोव कतारला, मी स्वतःलाच म्हटलं.

श्रीनाथराव शेडाच्या तुळईकडे गेले. बोट फिरवून बघितलं. बोट लाल. मग असे हसायला लागले की शेजारची सुमंगला कुंपणावरून डोकावली.

"वहिनी, आजवर अकरा गाड्या घेतल्या. प्रत्येक वेळी रंग जुन्या मालकानंच बिघडवलेला असतो. रंगवणारी आज पहिल्यांदा भेटली." ते कृष्णनाथाकडे वळले. "इंजिन ऐकलं तेव्हाच गाडी घ्यायचं ठरवलं होतं. पांढरी तुम्हीच करून द्या, त्याचे वेगळे देतो. फक्त रंग मी पाठवीन."

विसार म्हणून चेक ठेवून ते गेले.

सोमवारची वाट कोण बघतो! मी तिथंच एजंटाला फोन लावला. "ते येत नाहीत," म्हटलं. तो म्हणाला, "बाई, त्यांना द्या फोन."

मी वळून बघितलं. कृष्णनाथ गाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतोय. जवळ गेले तर डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मला जायचं नव्हतं गो," तो म्हणाला. "तू रोज जा जा म्हणायचीस."

फोनवर एजंट हॅलो, हॅलो करत होता. मी फोन बंद केला आणि चांगल्या साडीनिशी त्या तेलकट जमिनीवर त्याच्याशेजारी जाऊन बसले.