भागाबाईने मागितलेली शिक्षा

मी एक जुना ग्रंथ आहे, मित्रांनो. खरे सांगायचे तर पातळसे पुस्तकच. पण ‘ग्रंथ’ म्हटले की अंगावर मूठभर मांस चढते, आणि म्हातारपणी एवढा थाट चालायचाच.

मिशनच्या छापखान्यात शिशाच्या खिळ्यांनी माझी पाने छापली गेली. समुद्रकाठच्या एका ख्रिस्ती पाळकाने तरुणांना केलेला उपदेश माझ्यात आहे. खरे कसे बोलावे, राग कसा गिळावा, लोकांच्या पुढे चालणाऱ्याने मागच्यांकडे कसे पाहावे, असे सगळे. कुणीतरी तो जडशा मराठीत आणला. मिशनच्या शाळेत श्रीकांत नावाच्या मुलाला मी बक्षीस मिळालो. तो पुढे मास्तर झाला, अमरावतीकडून बदली होऊन बुऱ्हाणपुरास आला, आणि त्याच्या ट्रंकेतून मीही आलो.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. संस्थाने विलीन होत होती, नकाशे बदलत होते. नकाशा जोडला, आता माणसे घडवायला हवीत, असे मास्तरांच्या मनाने घेतले. दर रविवारी ते मला पिशवीत घालून नावेने तापी ओलांडत आणि जैनाबादला उखर्डूभाऊंच्या ओसरीवर जात. तिथे केळीचे बागायतदार जमत. मास्तर एक उतारा वाचत, मग त्यावर चर्चा.

“मास्तर, हे ऐकून आमी बाटणार त नही ना?” उखर्डूभाऊंनी पहिल्याच दिवशी विचारले.

“चांगलं कानावर पडल्यानं कोणी बाटत नाही, भाऊ,” मास्तर हसून म्हणाले.

उखर्डूभाऊंना सरपंच व्हायचे होते. पुढारीपणाचा उतारा आला की ते हमखास पुढे सरकून बसत!

दाराशी केळीच्या बागेत राबणारी भागाबाई बसे. तिला अक्षरओळख नव्हती. सगळे मास्तरांच्या तोंडाकडे पाहत, ती मात्र माझ्या पानाकडे पाही. इतक्या ओढीने माझ्याकडे कधीच कुणी पाहिले नव्हते.

एका रविवारी मास्तरांनी वाचले, ‘जो माणसांचा पुढारी होऊ इच्छितो, त्याने प्रथम स्वतःस शिक्षा द्यावी.’ चूक झाली तर आधी आपला कान पकडावा, दुसऱ्याचा मागून, असा त्याचा अर्थ त्यांनी समजावला. पण तोवर भागाबाई म्हशीची धार काढायला उठून गेली होती. तिने नुसते वाक्य नेले.

पुढच्या रविवारी ती मास्तरांपुढे येऊन उभी राहिली. “मास्तर, मले शिक्षा द्या.”

मास्तर दचकले. “भागाबाई, तुम्ही असा काय गुन्हा केला?”

“गुन्हा कायचा? पाटी आणली न मी!”

एकच हशा पिकला. आमच्या मुलखात मराठी हिंदीचे बोट धरून चालते. बाजारात, सरकारी सभेत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे, आणि बाईने तोच अर्थ धरला होता.

“अवं भागाबाई, शिक्षा म्हंजे मार! छडी!” उखर्डूभाऊंनी डोळे पुसत सांगितले.

भागाबाईचा चेहरा उतरला. पाटी पदराखाली झाकून ती निघाली.

“बसा,” मास्तर म्हणाले. “छड्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. पाटी घेऊन येणारंच कोणी नाही.”

त्या दिवसापासून चर्चा आटोपली की तिचे शिकणे सुरू होई. तिच्या बोटाला केळीचा चीक लागलेला असे, त्याचे काळे डाग माझ्या पानांवर पडत. मास्तर हळहळत, मी मात्र खुशीत होतो.

“हे सगळं मले माह्या डोळ्यानं वाचायचं हाये,” ती म्हणे. “कोनी सांगितलं म्हणून नही.”

रविवारपुरतेच शिकणे, म्हणून काही वर्षे गेली, पण काना, मात्रा, वेलांटी झाली. जोडाक्षरे तेवढी उरली. आणि राज्यांची नवी आखणी झाली! अमरावती मुंबई राज्यात गेली, आमचे बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली आणि मास्तर तिकडचे ठरले. जाताना त्यांनी मला उखर्डूभाऊंच्या हाती दिले. ते तोवर सरपंच झाले होते.

“हा सगळ्यांचा आहे. आणि भागाबाईंची जोडाक्षरं राहिलीत, भाऊ.”

उखर्डूभाऊंनी मला डोक्याला लावले, लाल फडक्यात गुंडाळले आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. दसऱ्याला बाहेर काढून हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे, पुन्हा कुलूप. मी देव झालो, मित्रांनो, आणि मुका झालो.

भागाबाई मागायला आली. भाऊ म्हणाले, “अजून जोडाक्षरं येत नही तुमाले. पान फाटलं त मास्तरले काय जवाब देऊ? सावकाश पाहू.”

ते ‘सावकाश’ फार लांबले. दर दसऱ्याला ती पाया पडायला येई आणि फडक्यावरचा हात लवकर उचलत नसे. आतून मी तिला किती हाका मारल्या! पण मिटलेल्या पुस्तकाचा आवाज कुणाला ऐकू जातो?

सरपंचकी गेल्यावर एकदा घर रंगवायला काढले तेव्हा कपाट हलवले. मागून वाळवी लागली होती. माझा एक कोपरा तिने फस्त केला होता. उखर्डूभाऊंनी फडके सोडून माझ्यावरची माती झटकली. मग मला उचलून ते तडक भागाबाईच्या अंगणात गेले.

“घ्या, भागाबाई. चुकलं माहं.”

तिने हात पदराला पुसले. मला उघडले, नाकाशी धरले, मग लांब धरले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

“पांढरं दिसते, काळं दिसते, उखर्डूभाऊ,” ती हळूच म्हणाली. “अक्षर नही दिसत.”

उखर्डूभाऊ वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी मला प्रेमाने जपले, म्हणून तर मला जास्त वाईट वाटते. मला डाग पाडा, माझी पाने सुटू द्या, हातोहात फिरवा. पण ज्याला वाचायचे आहे त्याला ‘सावकाश’ म्हणू नका.

आता रोज संध्याकाळी उखर्डूभाऊ तिच्या अंगणात येऊन मला वाचून दाखवतात. ती ओळीवर बोट फिरवत ऐकते. मधेच थांबून विचारते, “आता आपण कोन्त्या ओळीवर आहो?” आणि ते तिचे बोट उचलून नीट ओळीवर ठेवतात.