न वाचलेल्या फर्माइशी

मी शिसवी लाकडाची एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. माझ्या झाकणाला टपालपेटीसारखी फट आहे आणि पुढे पितळी कडी. ग्वाल्हेरच्या आमच्या गायन मंडळात मला फर्माइशपेटी म्हणतात. जलशाला आलेल्या माणसाने काय ऐकावेसे वाटते ते पर्चीवर लिहावे, माझ्यात टाकावे, आणि गवयाने ते गावे, एवढे साधे माझे काम. पण मला ते कितीतरी वर्षे करूच दिले नाही. सांगताना अजून माझा राग उसळतो, तेव्हा शब्द थोडे कडक आले तर सांभाळून घ्या.

टोपी बाजारामागच्या गल्लीत एका सुताराने मला घडवले. बोटाला कुसळ लागू नये म्हणून त्याने फटीच्या कडा दोन दिवस घासल्या. तेव्हा मी अर्जपेटी होते. बाड्यावरच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकातल्या, एका दरबारी कचेरीच्या दाराशी मला ठेवले होते. रघुनाथराव नावाचे कारकून दर सोमवारी मला उघडत आणि प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचत. एकदा कुणीतरी शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे फार लवकर आरवतो अशी तक्रार केली. सगळी कचेरी हसली. रघुनाथरावांनी तोही शेवटपर्यंत वाचला. “लिहिणाऱ्यानं लिहिलंय, तर वाचायला नको का?” ते म्हणाले. मला वाटे, जगातल्या सगळ्या पेट्या अशाच उघडल्या जात असतील.

पुढे १९४८ साली संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाले. कचेरीवरची पाटी उतरली. टेबले आणि कपाटे कोणत्या नव्या खात्याची, यावर दोन महिने कागद इकडून तिकडे फिरले. मी कोणत्याच यादीत नव्हते. रघुनाथरावांनी साहेबांची परवानगी घेतली, मला टांग्यात मांडीवर धरले आणि ते ज्याचे सभासद होते त्या गायन मंडळात आणून ठेवले.

मंडळाचा उत्सव दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी असे. पहिल्याच वर्षी माझ्यात चाळीस-एक पर्च्या पडल्या. एका निवृत्त सुभेदारांनी लिहिले होते, ‘काहीतरी जोशाचे गा, पण लवकर, मला कणकण आहे.’ एका सुनेने लिहिले होते, ‘शेवटी जे गाता ते आधी गा, सासूबाई पाचला उठतात.’ कॉलेजातल्या मुलांची एक हिंदीत होती, ‘एक ठुमरी, बस!’ आणि एक पर्ची घडी घातलेली, सुबक अक्षरातली होती. ‘सिंदुऱ्यातला टप्पा. लहानपणी वडिलांबरोबर ऐकला होता. - वनमाला.’

टप्पा म्हणजे छोटीशी चीज. तिच्यात शब्द थोडे आणि ताना भोवऱ्यासारख्या गिरक्या घेणाऱ्या. ग्वाल्हेरच्या गवयांना तिचा मोठा अभिमान. हा सिंदुरा रागातला टप्पा मात्र एकाच घरातल्या गवयांना येई, आणि त्यांचे शेवटचे शिष्य शिवाजीराव दर वर्षी आमच्या उत्सवात गायला येत. मी आतल्या आत हरखून गेले.

मध्यंतरानंतर मंडळाचे चिटणीस माधवराव पुढे आले. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. मग तोच हात त्यांनी आपल्या कोटाच्या खिशात घातला, तिथून एक पर्ची काढली आणि वाचली, “श्रोत्यांचा आग्रह आहे, शिवाजीरावांनी भजन ऐकवावं.”

असा आग्रह कुणाचाच नव्हता! चाळीसच्या चाळीस पर्च्या माझ्यापाशी होत्या. मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला कुठला आवाज?

रघुनाथरावांच्या ते लक्षात आले. जलसा संपल्यावर त्यांनी विचारले, “माधवराव, पेटी तर उघडलीच नाही आपण?”

“अहो, लोक काहीही लिहितात. एखादी चीज नाही आली गवयाला, तर भर बैठकीत फजिती होईल ना त्यांची. मंडळाच्या इज्जतीचा सवाल आहे.”

“पण वाचायला काय हरकत?”

“वाचू ना. फुरसत मिळाली की वाचू.”

माधवराव वाईट नव्हते. सतरंजीची सुरकुतीसुद्धा ते स्वतः वाकून सारखी करत. पण त्यांना फजितीची फार भीती, आणि किल्ली त्यांच्याकडे. फुरसत काही मिळाली नाही. दर वर्षी पर्च्या पडत, दर वर्षी खिशातली वाचली जाई. शिवाजीराव भजन गात, लोक टाळ्या वाजवत, आणि घरी जाताना एकमेकांना म्हणत, “हेच मागतं कोण दर साली?” मी कोपऱ्यात बसून ऐकत असे. वनमालाबाई मुलींच्या शाळेत शिकवत. त्या शाळेच्या वहीचा कागद नीट कापून आणत आणि तेच एक वाक्य टाकून जात. मी नुसती फुगत चालले होते.

१९५६ साल आले. मध्य भारतही मोडणार आणि नव्या राज्याची राजधानी भोपाळला जाणार, हे ठरले. थाटीपुरच्या सरकारी घरांत बांधाबांध सुरू झाली. रघुनाथरावांचा बदलीचा हुकूम आला, वनमालाबाईंच्या यजमानांचाही आला. तो त्यांचा इथला शेवटचा उत्सव होता.

वनमालाबाईंनी पर्ची फटीत घातली. ती अर्धी जाऊन अडली. त्यांनी पेन्सिलीने ढकलली, तर बाहेरच आली.

“काका,” त्या रघुनाथरावांना म्हणाल्या, “ही आत जातच नाहीये.”

रघुनाथरावांनी मला उचलले. माझे वजन हातांना लागताच त्यांचा चेहरा उतरला. मला तसेच छातीशी धरून ते भर बैठकीत व्यासपीठावर चढले.

“माधवराव, किल्ली द्या.”

“आत्ता? लोक बसलेत समोर.”

“म्हणूनच. पंधरा दिवसांनी ह्यातले अर्धे भोपाळला असतील. मग कुणासमोर वाचणार?”

माधवरावांनी किल्ली दिली, पण कुलूप गंजले होते, ती फिरेना. रघुनाथरावांनी खिशातला अडकित्ता काढला, कडीत घालून पिळला. कडी तुटली. मला दुखले, खोटे कशाला सांगू? पण झाकण उघडले आणि इतक्या वर्षांच्या पर्च्या शिवाजीरावांच्या पुढ्यात सांडल्या.

शिवाजीराव आता पासष्टीचे होते. त्यांनी चष्मा लावला. एक पर्ची वाचली, दुसरी वाचली, मग एकाच अक्षरातल्या पर्च्या वेगळ्या काढू लागले. तानपुरा वाजायचा थांबला.

“ह्या वनमालाबाई कोण?”

बाई उभ्या राहिल्या. नववी पर्ची त्यांच्या हातातच होती.

शिवाजीराव माधवरावांकडे वळले. “आपण तर मला सांगितलंत, ग्वाल्हेरला आता भजनच लागतं. अहो, पहिली तीन-चार वर्षं मी हा टप्पा घोटून येत होतो. वाटायचं, एखादा तरी मागेल. मग म्हटलं, नकोच आहे कुणाला.”



शिवाजीरावांनी तानपुरा जुळवून घेतला आणि टप्पा धरला. पहिली तान अशी सुटली की सुभेदारही ताठ बसले. पहिला भाग, म्हणजे स्थायी, पुरा झाला. आता पुढचा भाग, म्हणजे अंतरा, घ्यायचा. त्यांनी सूर लावला आणि ते थांबले. पुन्हा स्थायीवर आले, पुन्हा तिथेच थांबले. तबलेवाला ठेका धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

“अंतरा गेला,” ते हळूच म्हणाले. “गुरुजी गेले, गुरुबंधू गेले. बाई, आपल्याला आठवतो का?”

“नाही हो,” वनमालाबाई म्हणाल्या. “मी लहान होते. म्हणून तर लिहीत होते.”

शिवाजीरावांनी स्थायी आणखी एकदा गाऊन दाखवली आणि हात जोडले. टाळ्या वाजल्या नाहीत. माधवराव खाली बसून एकेक पर्ची गोळा करत होते.

नोव्हेंबरात थाटीपुरची घरे रिकामी झाली. वनमालाबाई गेल्या, रघुनाथरावही गेले. शिवाजीरावांनी तीन गावांत अंतऱ्याची चौकशी केली, तसे पत्रही मंडळाला पाठवले. कुणालाच तो येत नव्हता. माधवरावांनी मला पुन्हा कुलूप लावले नाही. पुढे ते दर उत्सवात सगळ्या पर्च्या मोठ्याने वाचत, पण वाचायला फार नसत. आता मी कपाटावर असते. माझ्यात तानपुऱ्यांच्या जुन्या गवसण्या कोंबल्या आहेत.

मित्रांनो, मला पॉलिश करा, पुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. तुम्हाला काही ऐकायचे असेल तर उठून तोंडाने मागा, लाज बाळगू नका. कुणी तुमच्याकडे मागितले, तर त्याच दिवशी कान द्या. आणि तुमच्या घरात कुणाला एखादे गाणे अर्धेच येत असेल, तर उरलेले अर्धे कुणाला येते, ते आज संध्याकाळच्या आत विचारून घ्या. कागद मी शंभर वर्षे सांभाळीन. गाणे मला सांभाळता येत नाही.