बघायचं काम

ज्ञानेशरावांच्या मित्रमंडळानं मोफत नाशिक शहरफेरी जाहीर केली, तेव्हा चार दिवसांत एकशे चाळीस जणांनी मोबाइलवरून नावं नोंदवली. मुंबई, सुरत, एक कुटुंब तर थेट नागपूरचं. 'दमडी न देता शहर बघा' असं फलकावर छापलं होतं. फलकावर नारोशंकराच्या देवळापेक्षा ज्ञानेशरावांचा चेहरा मोठा होता. पुढच्या निवडणुकीत वॉर्डातून उभं राहायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठी आधी शहरावर प्रेम करून दाखवणं भाग होतं.

रविवारी सकाळी गोदाघाटावर तिघंच आले. एक स्नेहल, इतिहासात एम.ए. झालेली, माहिती सांगायला नेमलेली. दुसरा फोटोग्राफर. तिसरे गृहस्थ चांगली मिसळ कुठं मिळते ते विचारायला थांबले होते. उत्तर मिळताच निघून गेले.

आठ वाजून गेले. साडेनऊला प्रमुख पाहुणे येणार होते.

"फुकट म्हटलं की लोकांना किंमत नसते," ज्ञानेशराव चिडून म्हणाले. मग टेम्पोवाल्याला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "पेठ फाट्यावर मजूर उभे असतात. पंधरा माणसं आण. बायकाही पाहिजेत."

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. सुरगाण्याकडून आलेली वत्सलाबाई आणि तिचा नवरा रावजी पहाटेपासून फाट्यावर बसले होते. टेम्पो थांबला, "शहरात काम आहे, चला," एवढंच ड्रायव्हर म्हणाला. कात्री आणि भाकरीचं गाठोडं घेऊन दोघं चढली. आणखी तेरा जण चढले.

घाटावर उतरताच प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी बसवली गेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मी नाशिकचा पाहुणा'.

"काम काय करायचा?" वत्सलाबाईनं विचारलं.

"काम काही नाही, मावशी," स्नेहल म्हणाली. "फक्त बघायचं."

"काय राखायचा हाय?"

"राखायचं नाही हो. घाट बघायचा, देवळं बघायची."

"बघून झाल्यावर?"

"झालं की. मग घरी."

वत्सलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. रावजी म्हणाला, "शहरातली कामा अशीच असतील. बघ."

मग तिनं काम मनापासून केलं. द्राक्षाच्या वेलीची एकही काडी न सोडणारी बाई ती. देवळाचा एकही दगड तिनं सोडला नाही. स्नेहल पुढं निघाली की ही मागून हाक मारायची, "थांब बाय, ती बाजू राहिली."

नारोशंकराच्या देवळापाशी स्नेहलनं घंटा दाखवली. "मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा ही तिथून आणली."

"इतकी जड? कोणी उचलली?" रावजीनं विचारलं.

"सैन्यानं."

"सैन्य नाय उचलत. उचलणारी माणसा येगळी असतात."

स्नेहलच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात हा भाग नव्हता.

साडेनऊचे प्रमुख पाहुणे साडेअकराला आले. पांढऱ्या टोप्यांची रांग बघून त्यांना गहिवरून आलं.

"कुठून आलात आपण?"

"सुरगाण्याकडून."

"एवढ्या लांबून? खास नाशिक बघायला?"

"नाय, द्राक्षाच्या..."

"कृषी पर्यटक आहेत साहेब!" ज्ञानेशरावांनी वाक्य तिथंच तोडलं आणि घाईघाईनं माइक वत्सलाबाईच्या हातात दिला. "सांगा मावशी, कसं वाटलं?"

"बरा वाटला," ती म्हणाली. "सगळा नीट बघितला. आता हजेरी मांडा."

प्रमुख पाहुण्यांनी माइक स्वतःकडे घेतला. "ही शिस्त बघा! शाळा-कॉलेजातही दिसत नाही आता. ज्ञानेशराव, सगळ्यांची हजेरी मांडा. एकही माणूस सुटता कामा नये!"

टाळ्या झाल्या, फोटो झाले, गाडी गेली. ज्ञानेशराव लगेच टोप्या गोळा करायला लागले.

"आमची हजेरी?" वत्सलाबाईनं विचारलं.

"कसली हजेरी?"

"दिवसाची मजुरी."

"अहो, ही मोफत फेरी आहे! लोक पैसे मोजून बघतात ते तुम्हाला फुकटात दाखवलं!"

"आम्ही कवा बोललो, दाखवा?"

ती पायरीवर बसली. तिच्यामागं रावजी बसला, मग उरलेले सगळे. टोपी कोणी काढली नाही. घाटावर आलेले खरे पाहुणे आता थांबून बघायला लागले. दोघांनी मोबाइलही काढला.

"सायब बोलला ना, मांडा म्हणून," रावजी शांतपणे म्हणाला.

"ते हजेरी वेगळ्या अर्थानं म्हणत होते!"

"सर," स्नेहल म्हणाली. सकाळपासून तिनं ज्ञानेशरावांना उलट उत्तर दिलं नव्हतं. "मी व्हिडिओ केलाय. 'एकही माणूस सुटता कामा नये' अगदी स्पष्ट ऐकू येतंय. मंडळाच्या पानावर टाकू का?"

ज्ञानेशरावांनी तिच्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि खिशात हात घातला. पंधरा जणांची पूर्ण मजुरी दिली. स्नेहलला पुढच्या रविवारी यायची गरज नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

सोमवारी एका स्थानिक दैनिकात फोटो आला: 'मोफत शहरफेरीला राज्यभरातून प्रतिसाद'. तेव्हा वत्सलाबाई दिंडोरीजवळच्या बागेत छाटणी करत होती. शेजारच्या ओळीतल्या बायकांना तिनं सांगितलं, "काल शहरात नुसतं बघायची मजुरी भेटली."

बायका हसून हसून वाकल्या. "बघायची? खोटा नको बोलू!"

"खरंच. पण सोपा नाय तो काम," ती मान चोळत म्हणाली. "सगळा वर वर बांधून ठेवलाय त्यांनी."