रांगेतली घागर

“थांबू नको.”

शिवकन्येच्या आईचे हे शेवटचे शब्द. बारावीच्या पेपराची सकाळ होती, आईला धाप लागलेली. “हाव,” म्हणून शिवकन्या उठली. पेपर देऊन परतली तोवर आई लिंगैक्य झाली होती.

आता श्रावण लागला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. त्यातच लातूरचा नवा जिल्हा झाला, निलंग्याच्या स्टँडवर पेढे वाटले गेले. वडील माणिकप्पा पेढा हातात धरून म्हणाले, “जिल्हा नवा, आड तोच कोरडा.”

लातूरला शिवकन्येला डी.एड.ची जागा मिळाली होती. सोमवारी मूळ दाखले जमा करायचे होते. पण तिचं मन नांदेडच्या नर्सिंगवर, आणि तिथे ती वेटिंगवर. दाखले लातूरला दिले की नांदेडचा नंबर गेला. दोन्ही हुकलं तर उदगीरचं स्थळ तयारच होतं.

“मायचं तरी ऐक,” आप्पा म्हणाले. “थांबू नको म्हणाली ना? मी दारातून ऐकलंय. नांदेडवाले काय तुला मेणा धाडणार हायत?”

शिवकन्येच्या लेखी मास्तरीण होणं वाईट नव्हतं. पण धाप लागलेल्या आईला उठवून कसं बसवायचं, एवढंही तिला तेव्हा कळलं नव्हतं. ते मनातून जात नव्हतं.

आत्या, नागुबाई, देवळातून आली. महादेवाला पाणी घातल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, हा तिचा नेम. दुष्काळात तांब्याऐवजी वाटीभर पाणी आलं, पण नेम मोडला नाही.

“दारातून ऐकलंस माणिक, म्हणून अर्धंच ऐकलंस,” ती हळू म्हणाली. “मी उशाशी होते. ‘माझ्यापाशी थांबू नको’ म्हणाली ती लेकीला.”

“मग? थांबणं ते थांबणंच की आक्का.”

आत्याने दाराबाहेर बोट केलं. टँकर यायचा होता. वेशीपर्यंत घागरींची रांग लागलेली, आणि बाई एकही नव्हती. कुणी जात्यावर, कुणी लेकराला पाजत.

“बघ. रांगेत घागर थांबती. बाई कुठं थांबती? केवळाबाईनं काल घागर उचलून झऱ्यावर नेली, तिचा नंबर गेला. ठेवलेली घागर कुणी हलवत न्हाई.”

शिवकन्येने त्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाली, “आप्पा, माझी घागर नांदेडच्या रांगेत राहू द्या. मी न्हाई थांबणार. तलावाच्या दुष्काळी कामावर बायकांची लेकरं उन्हात पडून राहतात, त्यांना सांभाळीन.”

“अन् टँकर आलाच न्हाई तर?”

“तर रिकामी घागर घरी आणीन. मग तुम्ही म्हणाल तसं.”

आप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. “आईवरच गेलीस,” एवढंच म्हणाले.

सोमवारी लातूरची गाडी वेशीवर थांबली आणि धूळ उडवत निघून गेली. शिवकन्येने कपाळाला विभूती लावली. आईचं जुनं लुगडं लेकरांच्या झोळीसाठी खांद्यावर टाकलं, पाण्याची कळशी कडेवर घेतली आणि तलावाच्या वाटेला लागली.