मोतिया नखांचा कोंबडा

मित्रांनो, तुम्ही म्हातारा कोंबडा कधी पाहिला आहे का? नसेलच पाहिला. तुम्ही लोक आम्हाला म्हातारं होऊच देत नाही. जावई आला, कापा कोंबडा. पोरगा पास झाला, कापा कोंबडा. नापास झाला तरी बाप कपाळाला हात लावून म्हणतो, जाऊ दे, कापा कोंबडा. अशा तुमच्या राज्यात मी म्हातारा झालो आहे. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. मनात माझ्या दुसराच शब्द आहे.

चामोर्शीजवळच्या एका लहान गावात, अंजनाबाईच्या खुराड्यात माझा जन्म झाला. आम्ही पुष्कळ भावंडं होतो. काहींना घारीने नेलं, काहींना रानमांजराने आणि उरलेल्यांना पाहुण्यांनी. त्यातल्या त्यात रानमांजर बरं. ते निदान खाताना 'मीठ कमी पडलं' असं म्हणत नाही.

अंजनाबाईने चाळिशी ओलांडलेली होती. पहाटे उठायचं, झाडायचं, सारवायचं, शेतात जायचं, परत येऊन चूल पेटवायची. नवरा देवराव स्वभावाने गरीब. जेवणाची वेळ तेवढी त्याला बरोबर कळायची. एकुलती एक मुलगी कमला बल्लारपूरला दिलेली होती. अंजनाबाई दिवसभर राबायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. लोक याला गुण म्हणायचे. मी याला बावळटपणा म्हणतो. मला दाणे उशिरा मिळाले तर मी अख्खं गाव डोक्यावर घेतो.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीला कमला माहेरी आली. तिची नखं रंगवलेली होती. बोलता बोलता ती स्टीलच्या ताटावर नखं वाजवायची आणि अंजनाबाई लेकीच्या तोंडाकडे बघायची सोडून तिच्या नखांकडे बघत बसायची. मी दारातून सगळं पाहत होतो. एका शब्दाने मागितलं असतं तर कमलाने बाटली तिथेच दिली असती. पण मागेल ती अंजनाबाई कसली! कमला सासरी गेली, आणि हिच्या डोळ्यांपुढून ती नखं काही जाईनात.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने डोक्यावर वालाच्या शेंगांचं टोपलं घेतलं, माझे पाय बांधले आणि मला उलटा धरून चामोर्शीला नेलं. मला विकायचं ठरलं होतं. माझा जीव त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच होता. उलटं लटकलं की माणसं खरी आहेत तशी दिसतात, एवढं मात्र मी वाटेत शिकलो.

शेंगा विकून झाल्यावर अंजनाबाई केसरबाईच्या दुकानासमोरून गेली. परत आली. परत गेली. केसरबाई बांगड्या, फिती, टिकल्या विकायची आणि तिच्यापुढे एका खोक्यात नखपॉलिशच्या बाटल्या उभ्या होत्या.

"काय पायजे वो बाई? मघापासून चकरा मारून राह्यली," केसरबाई म्हणाली.

"नखपालीस हाय काय?"

"हाय ना! कोनाले पायजे?"

साधा प्रश्न होता. 'मले पायजे' म्हटलं की संपलं. पण शेजारीच शकुबाई बसून बांगड्या भरत होती. शकुबाई म्हणजे आमची शेजारीण. तिच्या कानावर पडलेली गोष्ट तिच्याआधी गावात पोचते. लेक सासरी गेली, हे तिला ठाऊक. मग या वयात नखपॉलिश कोणाला? अंजनाबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मला वर उचललं.

"या कोंबड्याले पायजे. निशानी कराची हाय."

ऐकलंत? मला! आमच्या गावात कोंबड्या सगळ्यांच्या अंगणांत हिंडतात. ओळख पटावी म्हणून बाया त्यांच्या पायाला चिंधी बांधतात. तेवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

"चिंधी सोडून नखपालीस?" शकुबाईच्या हातातली बांगडी हातातच राहिली.

"चिंधी निंगून जाते वो."

केसरबाई म्हणजे पक्की दुकानदारीण. समोर मगर आली तरी तिला टिकली विकेल. तिने तीन बाटल्या काढल्या आणि माझ्याच तीन नखांवर तीन रंग लावून दाखवले. आधी तिने अंजनाबाईलाच म्हटलं होतं, "बोट दे इकडे, लावून दावतो." पण ती विंचू चावल्यासारखी मागे सरली. "माह्या बोटाले नोको वो! त्याच्याच लाव!"

पहिली साधी लाल. जाड बसायची, दुरून दिसायची, पण पोपडे निघायचे. नाटकातल्या राजाच्या गालांना लावावी अशी भडक. दुसरी चमकीवाली. ती पोळ्याला बैलांच्या शिंगांना ठीक. तिसरी मोतिया, फिकट गुलाबी. पातळ होती, दोनदा लावावी लागायची. पण लावली की नख मुळातच तसं असावं असं वाटायचं. आता मला तुमच्या नटण्यामुरडण्याचा तिटकारा आहे. पण डोळे आहेत ना मला! तिन्हींत मोतिया चांगली होती.

अंजनाबाईची नजर मोतियावरून हलेना.

"कोंबड्याले लाल घे," केसरबाई म्हणाली. "दुरून दिसन. मोतिया कायले? त्याले का लग्नाले जाचं हाय?"

भोवती माणसं जमली होती. अंजनाबाईच्या कपाळाला घाम फुटला.

"मोतियाच दे."

"काऊन पन?"

"त्याले लाल शोभत नाई."

सगळा बाजार हसला. मला, ज्याचा तुरा लालभडक आहे, त्याला लाल शोभत नाही! असो. आता निशाणी केलेला कोंबडा विकणार कसा? शकुबाई तिथे टकमक बघत उभी. अंजनाबाईला मला परत घरी न्यावंच लागलं. माझा जीव वाचला, मित्रांनो, पण दयेने नव्हे. एका बाईच्या लाजेने वाचला. उपकार मानावेत असं त्यात काही नव्हतं.

"इकाले नेला होतास ना? नटवून आनला?" देवरावने विचारलं.

"वान चांगला हाय. ठेवून देऊ," ती म्हणाली. आणि खोटं खरं करण्यासाठी तिने भर अंगणात बसून लाल आणि चमकी खरवडून काढली आणि माझी उरलेली नखंही मोतियाने रंगवली. पायांना चार चार, अशी आठ नखं. बाटली जवळजवळ भरलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, गेली. मी किडे शोधत तिथेच होतो. तिने डाव्या हाताच्या दोन नखांना मोतिया लावली, फुंकर घातली, हात लांब धरून पाहिला. मग तोंडावर असं हसू आलं की मला बघवेना. मी पाठ फिरवली. पुन्हा वळून पाहतो तर काय, बाई त्या दोन बोटांवर चिंधी गुंडाळत होती!

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, अशी तुमच्यात म्हण आहे. आमच्या आरवण्याला काही किंमत नाही, असा तिचा अर्थ, म्हणून मला तिचा राग आहे. अंजनाबाईने मात्र ती म्हण ऐकलेली नसावी. "विळ्यानं कापलं," असं तिने गावभर सांगितलं. धानकापणीचे दिवस, सगळ्यांना पटलं. शकुबाईने हळद आणून दिली. "भर वो, नाई तं पिकन." देवरावला तर पाझर फुटला. तो विहिरीवरून पाणी भरू लागला. नखाएवढी हौस आणि तिच्यावर हातभर चिंधी! रोज दुपारी सांदवाडीत जायचं, चिंधी सोडायची, नखं पाहायची. भांडी घासून रंग उडाला की खरवडून पुन्हा लावायचा, असं करत बाटली संपली. तोंडावर तेच हसू. थू!

इकडे गावाला वेड लागलं. माझी नखं पाहून एकेका बाईने केसरबाईकडून बाटली आणली, कोंबड्यांना निशाणी करायला म्हणून. गावात एकाही बाईच्या हाताला रंग नाही आणि कोंबड्या नटून उकिरड्यावर चाललेल्या. त्या कोंबड्या! आधीच अक्कल कमी, त्यात नखरंग. बाया मात्र उकिडव्या बसून कोंबडीचं एकेक नख हलक्या हाताने रंगवायच्या आणि किती वेळ फुंकर घालायच्या. कोंबडीसाठी इतकी फुंकर कोणी घालत नसतं. मला सगळं कळत होतं. शकुबाईनेही आपल्या कोंबड्याला मोतियाच लावली, पण चंदेरी. तिचा कोंबडा रंगाने माझ्यासारखाच तपकिरी होता. डोक्याने नव्हता.

त्याला एक दिवस रानमांजराने नेलं. शकुबाईला पत्ताच नाही. दोन दिवसांनी तिच्याकडे जावई आला. चुलीवर आधण चढलं, मसाला वाटून झाला, आणि शकुबाई कोंबडा शोधत बाहेर आली. मी तिच्याच उकिरड्यावर होतो. तपकिरी अंग, मोतिया नखं. तिने झडप घालून मला धरलं.

मी बोंब ठोकली. अंजनाबाई धावत आली.

"सोड त्याले! माहा हाय!"

"तुया कसा? माही निशानी हाय त्याच्यावर!"

एकीने मान धरली, दुसरीने पाय. माझे दोन तुकडे होण्याआधी कोणीतरी त्यांना पोलीस पाटील खुशालभाऊंच्या अंगणात नेलं. अर्धं गाव मागे आलं. देवरावही आला.

खुशालभाऊंनी माझे पाय निरखले. चिखलाने रंग मळला होता, झिजला होता. "ज्याच्या बाटलीचा रंग जुळन, त्याचा कोंबडा," ते म्हणाले. शकुबाईने बाटली आणून माझ्या नखाशी धरली. "पाहा भाऊ, सारखाच हाय." खुशालभाऊंनी डोळे बारीक केले. "तसाच दिसते खरा. अंजनाबाई, तुयी आन."

"सरली, भाऊ."

"सरली? कोंबड्याचे नखं आठ. आठ नखांत अख्खी बाटली सरली?"

लोक हसले. अंजनाबाईने मान खाली घातली.

"खोटं बोलून राह्यली," शकुबाई म्हणाली. "द्या माहा कोंबडा. आधन आटून जाईन तिकडं."

"जाऊ दे वो," देवराव म्हणाला. "एका कोंबड्यापायी कायले तमाशा?"

तो क्षण मी विसरणार नाही. मला त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाचा तिरस्कार वाटला. आणि मला भीती वाटली. माझ्यासारख्याने हे सांगणं बरं दिसत नाही. अंजनाबाई माझ्याकडे पाहत होती, मग चिंधीकडे. भर बाजारात 'मले पायजे' एवढं जिच्या तोंडून निघालं नाही, ती आता अर्ध्या गावासमोर काय बोलणार? माझी खात्री होती, ही मला सोडून देणार. हिच्या लाजेने वाचलेला जीव हिच्या लाजेनेच जाणार.

अंजनाबाईने दाताने गाठ सोडली. चिंधी खाली पडली. ती माझ्याजवळ बसली आणि आपली दोन बोटं माझ्या नखांशेजारी ठेवली. तीच मोतिया. तीच फिकट गुलाबी. शकुबाईची चंदेरी तिच्यापुढे चुन्यासारखी दिसत होती.

"मलेच लावाची होती, भाऊ," ती म्हणाली. "कोंबड्याचं फक्त नाव केलं."

मग देवराव बोलला.

"म्हंजे कापलं नवतं? अन् म्या पानी भरून राह्यलो रोज?"

सगळं अंगण खो खो हसलं. अंजनाबाईचं तोंड लाल झालं, पण तिने हात मागे घेतला नाही. खुशालभाऊंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. शकुबाई पुढे आली. मला वाटलं, आता ही भांडणार. तिने अंजनाबाईचा हात धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"दोनच बोटाले? बाकीच्याले काऊन नाई?"

"चिंध्या कितीक बांधू वो?"

शकुबाई म्हणाली, "बस अशीच." तिने आपली बाटली उघडली आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, अंजनाबाईची उरलेली आठ नखं रंगवली. दोन गुलाबी, आठ चंदेरी. काय ध्यान दिसत होतं! तिकडे आधण आटलं आणि जावयाला त्या दिवशी वालाच्या भाजीवर जेवावं लागलं. शेवटचं नख झालं तशी शकुबाईने बाटली अंजनाबाईच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात तिच्यापुढे केले.

"आता माह्ये लावून दे. हळू."

तेव्हापासून आमच्या गावात कोंबड्यांना पुन्हा चिंध्या बांधतात. बाटल्या आता बायांच्या स्वतःच्या नखांवर खपतात. माझ्या मानेला मात्र अजून कोणी हात लावलेला नाही. अंजनाबाई लावू देत नाही. मी तिचे आभार मानलेले नाहीत, मानणारही नाही. पण तिच्या दारात मी रोज सगळ्यांत आधी आरवतो, एवढं तिला कळत असेल.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'माझी काळजी घ्या' असं म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. तुम्ही आमची काळजी कशी घेता, ते मी पाहिलं आहे. तुम्ही एवढंच करा. घरी जा आणि तुमच्या आईला विचारा, तुला कोणता रंग आवडतो. ती म्हणेल, मला कशाला, मला काही नको. तिथून हलू नका. ती खोटं बोलते आहे.