तुरट होण्याआधी

नागनाथ सरांच्या जिभेची ताडकळसात दहशत होती. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सर कुणाकडे चहाला बसले की घरातली बाई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. सर पहिला घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "आलं मागून टाकलंय," नाहीतर "दूध कालचं हाय." लोकांना राग यायचा, पण सरांचं बहुतेक खरंच निघायचं, त्यामुळे तो राग चहाबरोबर गिळावा लागायचा.

पुढे सरांना साखरेचा आजार निघाला आणि गावाला जरा उसंत मिळाली. लेक सुकेशनीने पुण्याहून ग्रीन टीचा डबा पाठवला. सरांनी जन्माच्या सवयीने पातेलं चढवलं, पानं टाकली आणि चांगल्या खळखळून उकळ्या आणल्या. एक घोट घेतला आणि लगेच फोन लावला. "बाभळीची साल पाठवलीस का गं?" तिने हसत समजावलं, पाणी उतरवून निवू द्यायचं, मग पानं टाकायची आणि वेळेत काढायची. न उकळलेल्या चहाला चहा म्हणणं सरांच्या जिवावर आलं, पण माणूस हट्टी. रोज सकाळी ओट्याशी उभं राहून चमच्याने चाखत राहिले. हळूहळू त्यांना उमगलं की हे पान आधी गोडसर लागतं, मग कडू, आणि मग एकदम तुरट होतं. कडू चालतं. तुरट झालं की मोरीत ओतायचं.

असं लेकीकडून शिकले खरे, पण लेक काय काम करते हे सरांनी गावात कुणाला सांगितलं नव्हतं.

सुकेशनी बियर करायची. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकली, पुण्याला जागेवर ताजी बियर करणाऱ्या एका हॉटेलात लागली आणि त्यात नाव काढलं. मग माणिकराव नावाच्या हौशी माणसाने परभणीत जिंतूर रोडला तसंच हॉटेल काढलं, रीतसर परवाना मिळवला आणि तिला बोलावून घेतलं. इकडे सर दर रविवारी विहारात लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारे. पाचव्या शीलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला, त्यांचा आवाज जरा चढायचा. तिची पहिली नोकरी ठरली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "सम्यक आजीविका म्हणजे काय, कोणत्या धंद्याला हात लावायचा नाही, ते मी तुला शिकवलं होतं ना?" ती म्हणाली, "शिकवलं होतं, अण्णा," आणि बॅग उचलून गेली. त्यानंतर बापलेकीत सगळ्या विषयांवर गप्पा व्हायच्या, हा एक सोडून.

गावात कुणी विचारलं की सर म्हणायचे, "फूडच्या कंपनीत हाय." दत्तराव मास्तरांनासुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं. दत्तराव म्हणजे शाळेतले जोडीदार. दरवर्षी व्यसनमुक्तीच्या फेरीत पुढे दोघं, मागे पोरं, आणि घोषणांनी गाव दणाणायचं. अशा माणसाला खरं सांगायचं कोणत्या तोंडाने? सरांना ते आतून टोचायचं, पण टोचण्याची माणसाला सवय होते.

मग एका सकाळी सुकेशनीचा फोन आला. आवाज नाकात कापूस कोंबल्यासारखा.

"अण्णा, तुमी आत्ताच्या आत्ता परभणीला येता का? मला लय सर्दी झालीय. कशाचाच वास येईना गेलाय, चव कळंना गेलीय."

"मंग दवाखान्यात जा की."

"दवाखान्यानं काय व्हनार? मी ग्रीन टीची बियर करायलेय. कडक, आन् चांगली कडू. पहाटंच शिजायला घातलंय, आता थांबवता येईना. दुपारी त्यात पानं सोडायचीत. पातेल्यात घड्याळ लावून जमतं, पण एवढ्या मोठ्या टाकीत उष्णता धरून ऱ्हाती, पानं कधी तुरट होतील ते जिभेलाच कळतं. आमचे दोन्ही कामगार गुटखा खाणारे. माणिकराव सायबाला ठेचा आन् शिरा सारखाच लागतो. तुमच्याशिवाय कोण हाय मला?"

सरांनी हळूच विचारलं, "आन् नशा?"

"यीस्ट पडल्याबिगर दारू होतच न्हाई, अण्णा. तोपर्यंत तो सातूचा गोड काढा, त्यात हॉप्सची कडू फुलं. यीस्ट मी सगळ्यात शेवटी टाकते. तुमचं काम त्याच्या आधी संपतं. पण तुमाला पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

सर फोन धरून तसेच बसले. बाजूला त्यांच्या बायको सत्यशीलाबाई लसूण सोलता सोलता सगळं ऐकत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्याच्या चहात खोड्या काढल्या. आज पोरीला जीभ लागायलीय, तर बोलती बंद झाली व्हय?"

सर उठले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि बसस्टँड गाठलं. तिथे नेमके दत्तराव. "कुठं निघाले, सर?" सर म्हणाले, "दवाखान्यात." आणि स्वतःवरच चिडून खिडकीजवळ जाऊन बसले.

हॉटेलच्या मागच्या बाजूला स्टीलच्या टाक्या उभ्या होत्या. सरांना वाटलं होतं की दारूचा भपकारा येईल आणि नाकाला रुमाल लावावा लागेल. तिथे तर ताज्या भाजलेल्या धान्याचा वास सुटला होता, आणि त्यातून कैरी तोडल्यावर देठाच्या चिकाला येतो तसला एक उग्र वास. सरांनी रुमाल खिशातून काढलाच नाही.

सुकेशनीने लाल नाक पुसत त्यांच्या हातात वाटी दिली. सरांनी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तर कडूजहर हाय!"

"ते फुलांचं. ते असूच द्या. त्याच्या मागनं काय येतं तेवढं बघा."

तिने पानांच्या मलमलच्या पिशव्या टाकीत सोडल्या. दोर हातात धरून ती उभी राहिली आणि कामगार वाट्या भरून, गार करून सरांना देऊ लागला. सर एकेक घोट घ्यायचे आणि मान हलवायचे. पहिल्यांदा पानांचा पत्ताच नव्हता. मग लांबून कुठूनतरी हिरवी चव आली. सुकेशनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, गावातल्या बायका दारातून बघायच्या अगदी तशी. उभ्या आयुष्यात त्यांना निकाल द्यायची कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. चुकलं तर एवढी टाकी वाया, आणि लेकीचं नाव त्याबरोबर.

"काढू का, अण्णा?"

"थांब."

"लय वेळ झाला."

"थांब म्हणलं ना."

पुढच्या वाटीत कडूपणाच्या मागे पान नीट उभं राहिलं, गोडसर आणि मोकळं. आणि त्याच्याही मागे जिभेच्या कडेला अगदी बारीक ओढ लागली, कच्च्या जांभळाची लागते तशी.

"काढ!" सर वर्गात ओरडायचे तसे ओरडले. "काढ, काढ, पटकन!"

पिशव्या वर आल्या. सुकेशनीला स्वतःला काहीच कळत नव्हतं, तरी तिने एकदाही "नक्की ना?" असं विचारलं नाही. ते सरांच्या ध्यानात आलं आणि त्यांना बरं वाटलं. पुढे काढा गार करून दुसऱ्या टाकीत गेला, आणि ती यीस्टचं भांडं घेऊन आली.

"आता टाकते. ह्याच्यानंतर तुमाला चाखता येनार न्हाई."

सरांना हे आधीपासून माहीत होतं. तरी तिने भांडं उपडं केलं तेव्हा त्यांना कसंतरीच झालं. "मंग कशी झाली ते मला कळनार कसं?"

"लोक सांगतील की."

"लोकांना काय कळतंय!" सर म्हणाले.

काही आठवड्यांनी ती बियर लोकांपुढे आली. सुकेशनीचं नाक तोवर मोकळं झालं होतं. "मस्त झालीय, अण्णा," असं तिने फोनवर सांगितलंही, पण आपला पेपर वाईट गेला असं कोणतं पोरगं सांगतं? सर दुपारच्या बसने परभणीला आले. फाटकातूनच बघून परत फिरू, असं ठरवलं होतं, पण ते आत जाऊन बिनसाखरेचं लिंबूपाणी मागवून बसले.

टेबलांवर फेसाळ, सोनेरी ग्लास. सर प्यायला बसलेल्यांची तोंडं निरखू लागले. एकजण घोट घ्यायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचा. दुसरा तर ग्लास ओठाला लागायच्या आतच "भारी!" म्हणून मोकळा झाला. एवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर ओळखीची टोपी दिसली.

दत्तराव मास्तर. पुढ्यात अर्धा ग्लास.

नजरानजर झाली आणि दत्तरावांनी ग्लास शेजारच्या कुंडीमागे सरकवला. "सर... मी आपलं जावयासंगं आलो होतो. जावई गाडी लावायला गेलेत." मग त्यांनाही सुचलं, "पन तुमी इथं कसे?"

सरांना एक सोय दिसत होती. नमस्कार करून निघून जायचं. दत्तराव आयुष्यात हा विषय काढणार नाहीत, आपणही काढायचा नाही. दोघांचीही झाकली मूठ. लिंबूपाण्याचा ग्लास हातात घेऊन सर उठले. पलीकडे काउंटरमागे सुकेशनी कुणालातरी काहीतरी समजावून सांगत हसत होती.

सर दत्तरावांसमोरची खुर्ची ओढून बसले.

"ही बियर माझ्या पोरीनं केलीय."

"म्हंजी? सुकेशनीनं? ती तर फूडच्या—"

"बियर करती ती. पयल्यापासून. मी तुमाला नीट सांगितलं न्हाई, ती माझी चूक. आन् ह्याच्यातली पानं कधी काढायची ते मी सांगितलंय. फुडचं मला चाखता येत न्हाई. ग्लास काढा तो कुंडीमागनं."

दत्तरावांनी ग्लास काढला. तोंडी परीक्षेला बसल्यासारखा घोट घेतला.

"कडू हाय, सर."

"ते असू द्या. त्याच्या मागनं?"

"मागनं... हिरवं. कोवळं कायतरी."

"जीभ ओढती का? कडंला? नीट बघा, घाई करू नका."

दत्तरावांनी डोळे मिटले, जीभ तोंडातल्या तोंडात फिरवली. सर टेबलावर पुढे वाकले होते.

"न्हाई," दत्तराव म्हणाले. "ओढत न्हाई. उलट सुटती. लय साफ वाटतंय, सर. पोरीनं खरंच चांगली केलीय."

सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. खूप आनंद झाला होता त्यांना. सुकेशनी कधी मागे येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. दत्तरावांनी तोवर उरलेला ग्लास संपवला होता, तो तिने उचलला.

"अण्णा, तुमाला अजून लिंबूपानी आनू?"

"माझं ऱ्हाऊ दे," सर म्हणाले. "मास्तरांना अजून एक आन. मला अजून लय इचारायचंय."